वरून निवलेला, आतून तापलेला: स्वातीचा तारा

सप्तर्षींची शेपटी ज्या बाकाने वळते, त्याच बाकाने नजर पुढे नेत राहिलं की एक ठसठशीत नारिंगी ठिपका लागतो. तो स्वाती. बाक आणखी वाढवला की निळसर पांढरी चित्रा. एप्रिल ते जूनच्या रात्री दोघंही आकाशात चांगले वर असतात आणि तेव्हा एक छोटा प्रयोग करता येतो. आकाश बघायला सोबत येणाऱ्या प्रत्येकाला मी तो करायला लावतो. साधी दोन डोळ्यांची दुर्बीण घ्यायची, स्वातीवर रोखायची आणि फोकस मुद्दाम बिघडवायचा. ठिपका पसरून गोल चकती होते आणि एकदम रंग उमटतो, पिकलेल्या संत्र्याच्या सालीसारखा. मग तशीच दुर्बीण चित्रेवर न्यायची. तिथे चकती थंड, निळसर. प्रखर ठिपक्याचा रंग डोळ्याला नीट कळत नाही, तोच प्रकाश थोडा पसरला की कळतो, इतकंच यातलं गुपित. पण "अरे, खरंच नारिंगी आहे की!" हे वाक्य दरवेळी ऐकायला मिळतं.

तारा नारिंगी दिसतो तो त्याच्या पृष्ठभागाच्या तापमानामुळे. तापवलेलं लोखंड आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळं आणि शेवटी पांढरं होतं, तोच हिशेब इथेही. स्वातीचा पृष्ठभाग सुमारे ४,००० अंश सेल्सियस, सूर्याचा ५,५००, चित्रेचा २०,००० च्या वर. म्हणजे स्वाती सूर्याहून निवलेला आहे. आता त्याच्या जोडीला "हा तारा आयुष्याच्या अखेरीकडे आलाय" असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे विझत चाललेला निखारा येतो. इंधन संपत आलं, म्हणून थंड पडला, म्हणून नारिंगी झाला.

हे चित्र पुसून टाका. स्वातीच्या पोटातलं तापमान सूर्याच्या पोटातल्या तापमानाहून कितीतरी जास्त आहे, आणि ते वाढत चाललं आहे. त्याचं तेजही वाढतंय. म्हातारा तारा बाहेरून निवतो आणि आतून तापतो, आणि या दोन्ही गोष्टी एकाच कारणाने होतात. ते कारण एकदा कळलं की ताऱ्याच्या म्हातारपणातली पुढची सगळी उलथापालथ आपोआप उलगडत जाते.

आधी स्वातीची ओळख नीट करून घेऊ. अंतर ३६.७ प्रकाशवर्षं, म्हणजे आज दिसणारा प्रकाश जवळपास ३७ वर्षांपूर्वी निघालेला. (१९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाचे दिवे स्वातीच्या प्रकाशाने चालू केले होते. वेधशाळांच्या दुर्बिणींनी तो प्रकाश गोळा करून प्रकाशविद्युत घटावर पाडला होता. शिकागोतलं आधीचं जागतिक प्रदर्शन १८९३ मध्ये झालं होतं आणि तेव्हा निघालेला प्रकाश चाळीस वर्षांनी बरोबर पोचतोय, अशी ती कल्पना. अंतराचं मोजमाप तेव्हा थोडं चुकलेलं होतं, पण कल्पना झकास होती.) डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांत तेजस्वीपणात याचा क्रमांक चौथा, आणि आकाशाच्या उत्तर गोलार्धात पहिला. शिवाय हा पळतोही जोरात. १७१८ मध्ये एडमंड हॅली यांनी जुन्या ग्रीक नोंदींशी ताडून पाहिलं तेव्हा व्याध, रोहिणी आणि स्वाती आपल्या जागेवरून सरकलेले आढळले. तारे आकाशाला खिळ्याने ठोकलेले नाहीत, हे तेव्हा पहिल्यांदा सिद्ध झालं. दोन हजार वर्षांत स्वाती पौर्णिमेच्या चंद्राच्या दुपटीहून अधिक अंतर सरकतो.

आता खरी गंमत. स्वातीची त्रिज्या सूर्याच्या सुमारे २५ पट आहे. त्यामुळे त्याचं पृष्ठफळ झालं २५ गुणिले २५, म्हणजे ६२५ पट. पृष्ठभाग निवलेला असल्यामुळे त्याचा प्रत्येक चौरस मीटर सूर्याच्या तेवढ्याच तुकड्याच्या जेमतेम तीस टक्के ऊर्जा बाहेर टाकतो. ६२५ चे तीस टक्के करा, उत्तर येतं १९० च्या आसपास. म्हणजे निवलेला असूनही हा तारा सूर्याच्या पावणेदोनशे ते दोनशे पट ऊर्जा ओततोय. आणि वस्तुमान? जवळपास सूर्याइतकंच, किंचित जास्त. सूर्याएवढं सामान पंचवीसपट त्रिज्येच्या गोळ्यात पसरलं तर सरासरी घनता किती उरेल? आपण श्वासात घेतो त्या हवेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. राक्षसी तारा म्हणतात याला, पण बहुतेक सगळा राक्षस पोकळच.

तेही सरासरीने. कारण या पोकळ राक्षसाच्या मधोमध एक भयंकर दाट गोळा बसला आहे. पृथ्वीच्या काही पट व्यासाचा, फार मोठा नाही, पण सूर्याच्या वस्तुमानाचा मोठा हिस्सा त्यात कोंबलेला. अख्खा तारा एक किलोमीटर रुंद धरला, तर हा गोळा मधोमध ठेवलेल्या मीटरभर चेंडूएवढा. आणि ताऱ्याचं भवितव्य ठरतं ते त्या चेंडूत.

उष्णता गमावून तापणारी वस्तू

आपल्या रोजच्या अनुभवातली कोणतीही गरम वस्तू उष्णता गमावली की थंड होते. तारा असं करत नाही. तो उष्णता गमावतो आणि अधिक तापतो. हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती छपाईची चूक वाटली होती.

एखादा कृत्रिम उपग्रह घ्या. पृथ्वीभोवती फिरताना वरच्या विरळ हवेशी त्याचं थोडं घर्षण होतं. घर्षणाने ऊर्जा जाते, म्हणजे तो हळू व्हायला हवा. प्रत्यक्षात तो खालच्या कक्षेत उतरतो आणि खालच्या कक्षेतला वेग जास्त असतो. ऊर्जा गमावून तो वेगवान झाला. उतरताना गुरुत्वाकर्षणाने त्याला जेवढं दिलं, त्यातलं निम्मं घर्षणात गेलं आणि उरलेलं निम्मं वेगात जमा झालं.

ताऱ्यातले कण म्हणजे असे अगणित उपग्रह समजा. त्यांच्या धावपळीलाच आपण तापमान म्हणतो. ताऱ्याने प्रकाशाच्या रूपाने ऊर्जा बाहेर टाकली की आतला दाब थोडा कमी पडतो, गुरुत्वाकर्षण त्याला थोडं आवळतं, आणि आवळताना मिळालेली ऊर्जा अर्धी बाहेर जाते, अर्धी आत तापमान वाढवते. एकोणिसाव्या शतकात केल्विन आणि हेल्महोल्ट्झ यांना वाटत होतं की सूर्य नुसता असा आकसत आकसतच प्रकाशतो. त्या हिशेबाने सूर्याचं वय दोन-तीन कोटी वर्षं निघत होतं आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून कितीतरी जुने दिसत होते, त्यामुळे भूगर्भशास्त्रज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ यांची चांगलीच जुंपली होती. आकसण्याचं तत्त्व मात्र चुकीचं नव्हतं. फक्त मध्ये एक मोठा विराम आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

तो विराम म्हणजे अणुसंमीलन. गाभा दीड कोटी अंशांच्या आसपास तापला की हायड्रोजनची चार अणुकेंद्रकं मिळून हेलियमचं एक होतं आणि या व्यवहारात ०.७ टक्के वस्तुमान ऊर्जेत बदलतं. सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन असा वापरतो. जेवढी ऊर्जा बाहेर जाते तेवढीच आत तयार होते, त्यामुळे आकसायची गरज उरत नाही. आणि हा बंदोबस्त स्वतःला सांभाळतो. संमीलन जरा जोरात झालं तर गाभा फुगतो, फुगला की निवतो, निवला की संमीलन मंदावतं. मंदावलं तर गाभा आकसतो, तापतो, वेग पुन्हा वाढतो. या स्वयंचलित नियंत्रणावर सूर्य साडेचार अब्ज वर्षं बिनबोभाट चालला आहे आणि अजून पाच अब्ज वर्षं चालेल.

गुरुत्वाकर्षणाला मात्र घाई नसते. ते थांबून असतं.

राख साठते

संमीलनातून उरलेला हेलियम गाभ्यात साठत जातो. हेलियम जाळायला दहा कोटी अंश लागतात आणि तेवढं तापमान तिथे नसतं, त्यामुळे आजच्या घडीला ती नुसती राख. एक दिवस (दिवस म्हणजे काही कोटी वर्षं, खगोलशास्त्रात हा शब्द असाच वापरावा लागतो) गाभ्यातला हायड्रोजन संपतो. मधोमध राखेचा गोळा आणि त्याच्याभोवती, जिथे हायड्रोजन अजून शिल्लक आहे, तिथे जळणारं एक पातळ कवच अशी रचना होते.

राखेच्या गोळ्यात आता ऊर्जा तयार होत नाही. म्हणजे विराम संपला. गाभा पुन्हा आकसायला लागतो आणि आकसताना तापतो. त्याला चिकटलेलं जळतं कवचही तापतं. या कवचातलं संमीलन तापमानाच्या बाबतीत कमालीचं हळवं असतं, तापमान जरासं वाढलं की ऊर्जा कैकपटींनी वाढते. त्यात भर म्हणजे कवचातली नवी राखही गाभ्यावरच पडते. गाभा जड होतो, आणखी आकसतो, आणखी तापतो, कवच आणखी भडकतं. इंधन संपल्यामुळे तारा मंदावायला हवा होता, तो उलट सुसाट सुटतो.

ही सगळी ऊर्जा जाणार कुठे? वरचा थर ती रेटून बाहेर ढकलतो आणि स्वतः फुगतो. गाभा आकसला की बाहेरचं आवरण पसरतं, गाभा पसरला की आवरण आकसतं, आणि मधलं जळतं कवच आरशासारखं काम करतं, असं खगोलशास्त्रज्ञ म्हणतात. संगणकावर ताऱ्याची समीकरणं सोडवली की दरवेळी हेच निघतं. मात्र ते का होतं हे एका वाक्यात कसं सांगायचं, यावर जाणकार अजूनही आपापसांत वाद घालतात, तेव्हा कोणी दोन ओळींत पूर्ण खुलासा दिला तर जरा सावध राहावं.

फुगताना पृष्ठभाग निवतो, पण तोही एका मर्यादेपर्यंतच. जपानी खगोलशास्त्रज्ञ चुशिरो हायाशी यांनी १९६१ मध्ये दाखवून दिलं की अशा फुगलेल्या ताऱ्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाला खालून एक जणू फरशी असते, तीन-चार हजार अंशांच्या आसपास. त्याच्या खाली तारा स्थिर राहू शकत नाही. त्यामुळे आकार दहापट असो की शंभरपट, रंग नारिंगी ते तांबूस याच पट्ट्यात राहतो. आकाशातले इतके सगळे राक्षसी तारे एकाच रंगाच्या घराण्यातले वाटतात ते यामुळे.

निवलेल्या आवरणातून प्रकाशाला सहज वाट मिळत नाही, म्हणून वायूच मोठमोठ्या प्रवाहांनी वर-खाली फिरून उष्णता वाहून नेतो, उकळत्या पाण्यासारखा. हे प्रवाह इतके खोल जातात की एकेकाळी गाभ्याजवळ अणुसंमीलनातून गेलेलं द्रव्य उपसून वर आणतात. पृष्ठभागावरच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला तर कार्बन आणि नायट्रोजन यांचं बदललेलं प्रमाण त्यात दिसतं. ताऱ्याच्या पोटात काय शिजलंय याचा हा थेट पुरावा, आणि तो चक्क पृष्ठभागावर मांडून ठेवलेला.

स्वाती आज बहुधा याच फुगत जाण्याच्या चढणीवर आहे. रोहिणीचा तारा त्याच वाटेवर आणखी पुढे गेलेला, सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर, त्रिज्या सूर्याच्या ४५ पटींच्या आसपास. दुर्बिणीचा फोकस बिघडवून दोघांच्या चकत्या वेगवेगळ्या हंगामात पाहिल्या तर रोहिणी जास्त तांबूस जाणवते, कारण तिचा पृष्ठभाग स्वातीपेक्षा तीन-चारशे अंशांनी निवलेला आहे.

नियंत्रण बिघडतं तेव्हा

गाभा आकसत आकसत अशा घनतेला पोचतो की नेहमीचे नियम तिथे चालत नाहीत. एरवी वायूचा दाब त्याच्या तापमानावरही अवलंबून असतो. पण कण इतके कोंबले गेले की इलेक्ट्रॉन एकमेकांच्या जागेत शिरायला नकार देतात, आणि त्या नकाराचाच एक दाब तयार होतो. तो दाब घनतेवर अवलंबून असतो, तापमानावर जवळजवळ नाही. गोळा तापवा, निववा, दाब तोच. हे लक्षात ठेवा, कारण ताऱ्याच्या आयुष्यातल्या पुढच्या दोन्ही मोठ्या घटना याच एका गोष्टीवर टांगलेल्या आहेत.

पहिली घटना. राख साठत साठत हेलियमच्या गाभ्याचं वस्तुमान सूर्याच्या जवळपास निम्मं होतं आणि तापमान दहा कोटी अंशांना टेकतं. आता हेलियम पेटतो. तीन हेलियम मिळून एक कार्बन. (हे जमतं तेच एका योगायोगाने. कार्बनच्या अणुकेंद्रकाला एक विशिष्ट ऊर्जेची पातळी नसती तर ही अभिक्रिया फारच रडतखडत चालली असती. ज्या अर्थी आपण कार्बनचे बनलेलो आहोत, त्या अर्थी ती पातळी असलीच पाहिजे, असा उलटा तर्क फ्रेड हॉईल यांनी १९५३ च्या सुमारास लावला आणि प्रयोगशाळेत शोधल्यावर ती सापडली.) एरवी हेलियम पेटल्याबरोबर गाभा फुगला असता, निवला असता आणि आग आटोक्यात राहिली असती. पण इथे तापमान वाढलं तरी दाब वाढत नाही, म्हणून गाभा फुगत नाही, म्हणून निवत नाही. सूर्याला इतकी वर्षं सांभाळणारं ते स्वयंचलित नियंत्रण नेमकं इथेच निकामी झालेलं असतं. तापमान वाढतं, म्हणून जळणं वाढतं, म्हणून तापमान आणखी वाढतं. काही क्षणांपुरतं हे इतकं भडकतं की गाभ्यात तयार होणारी ऊर्जा सूर्याच्या अब्जावधी पट होते. याला हेलियम फ्लॅश म्हणतात.

आणि बाहेरून काय दिसतं? काहीही नाही. सगळी ऊर्जा त्या घट्ट गोळ्याला सैल करण्यातच खर्ची पडते. ताऱ्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा भडका आणि पृष्ठभागाला त्याचा पत्ताही लागत नाही. गाभा सैल झाल्यावर नियंत्रण पुन्हा लागू होतं, हेलियम शांतपणे जळू लागतो, आणि आरशाचा नियम उलटा चालतो. गाभा पसरला म्हणून आवरण आकसतं. सूर्यासारखा तारा तेव्हा हजारो पटींच्या तेजावरून पन्नासेक पटींवर उतरतो आणि सुमारे दहा कोटी वर्षं तिथेच रमतो.

म्हणजे पंचाईत अशी की नारिंगी तारा दिसला की तो चढणीवर आहे की हेलियम पेटवून परत उतरला आहे, हे नुसतं बघून सांगता येत नाही. दोघांचा आकार, तेज, रंग बऱ्याचदा सारखे असतात. हा गुंता सुटला तो ताऱ्यांचे आवाज ऐकून. राक्षसी ताऱ्यांच्या आवरणात ध्वनिलहरी घुमत असतात आणि त्यामुळे त्यांचं तेज किंचित कमी-जास्त होत राहतं. सूर्याचा ठोका पाच मिनिटांचा, स्वातीचा सुमारे तीन दिवसांचा. २००९ मध्ये सोडलेल्या केप्लर दुर्बिणीने हजारो राक्षसी ताऱ्यांचे असे ठोके टिपले. त्यातल्या काही लहरी थेट गाभ्यापर्यंत जाऊन येतात आणि गाभा दाट आहे की सैल यावर त्यांच्या आवर्तनकाळांतली अंतरं बदलतात. २०११ मध्ये टिमोथी बेडिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की चढणीवरच्या ताऱ्यांत हे अंतर पन्नासेक सेकंदांचं असतं आणि हेलियम जाळणाऱ्यांत शंभर ते तीनशे सेकंदांचं. मला विचाराल तर गेल्या काही दशकांतल्या खगोलशास्त्रातला हा सगळ्यात देखणा निकाल आहे. बाहेरून जुळे दिसणारे तारे पोटातल्या सेकंदांवरून ओळखायचे!

शेवटचा टप्पा

हेलियमही संपतो. मग तीच गोष्ट नव्याने. मधोमध कार्बन आणि ऑक्सिजनची राख, तिच्याभोवती हेलियमचं जळतं कवच, त्याच्याभोवती हायड्रोजनचं. गाभा पुन्हा आकसतो, तारा पुन्हा फुगतो, या वेळी अधिकच. दोन कवचांचं आपसांत पटत नाही, हेलियमचं कवच अधूनमधून उसळतं आणि ताऱ्याला आतून ढवळून काढतं. याच काळात संथपणे न्यूट्रॉन गिळत गिळत जड मूलद्रव्यं घडतात, स्ट्रॉन्शियम, बेरियम, शिसं वगैरे. १९५२ मध्ये पॉल मेरिल यांना काही अशा ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियमच्या रेषा सापडल्या. टेक्नेशियमचं सगळ्यात टिकाऊ रूपही चाळीसेक लाख वर्षांत निम्मं होतं आणि तारा तर अब्जावधी वर्षांचा. म्हणजे ते मूलद्रव्य जन्मापासून असूच शकत नाही, ताऱ्याने ते नुकतंच घडवलं असणार. तारे मूलद्रव्यांचे कारखाने आहेत याचा याहून नेटका पुरावा क्वचितच मिळेल.

फुगलेल्या ताऱ्याची आवरणावरची पकड आता ढिली पडते. पृष्ठभागावर धूळ जमते, प्रकाश त्या धुळीला बाहेर रेटतो, धूळ वायूला ओढून नेते. तिमिंगल तारकासमूहातला मीरा हा तारा याच अवस्थेतला. सुमारे ३३२ दिवसांच्या आवर्तनात तो नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होतो आणि पुन्हा प्रकटतो. २००७ मध्ये गॅलेक्स दुर्बिणीला मीरामागे १३ प्रकाशवर्षं लांब वायूची शेपटी दिसली, वाटेत सांडत गेलेल्या आवरणाची.

सूर्याचं काय, हा प्रश्न इथे येतोच. २००८ मध्ये क्लाउस-पीटर श्रोडर आणि रॉबर्ट स्मिथ यांनी केलेल्या गणितानुसार सुमारे ७.६ अब्ज वर्षांनी सूर्याची त्रिज्या आजच्या अडीचशे पट होईल. पृथ्वीची कक्षा सूर्याच्या त्रिज्येच्या २१५ पट अंतरावर आहे. सूर्य वस्तुमान गमावेल तशी पृथ्वी बाहेर सरकेल, पण त्याच वेळी भरती-ओहोटी घडवते तशी गुरुत्वाकर्षणाची ओढ तिला आत खेचेल, आणि त्यांच्या हिशेबात ही ओढ जिंकते. अर्थात पृथ्वीवर राहणाऱ्यांना त्याची चिंता नको. सूर्य आत्ताच दर अब्ज वर्षांत दहा टक्क्यांनी तेजस्वी होतोय आणि समुद्र उडून जायला तेवढं पुरेसं ठरेल. मे २०२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी सुमारे १२,००० प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्याने ग्रह गिळल्याचं जाहीर केलं. २०२० मध्ये तो तारा अचानक उजळला होता आणि पाठोपाठ अवरक्त प्रकाशात धूळ दिसली होती.

आणखी एक प्रश्न हमखास येतो, स्वातीचा स्फोट होणार का? नाही. स्फोट मृगातल्या काक्षीसारख्या महाराक्षसी ताऱ्यांचा होतो, सूर्याच्या निदान आठपट वस्तुमानाच्या. स्वातीच्या गाभ्याला कार्बन पेटवण्याइतकं वजनच नाही. तो आवरण हळूहळू उधळून देईल, आतला तापलेला गाभा उघडा पडेल आणि त्याच्या अतिनील प्रकाशाने उधळलेला वायू चमकू लागेल. विल्यम हर्शेल यांना अठराव्या शतकात असे गोल धूसर ठिपके ग्रहांच्या चकत्यांसारखे वाटले, म्हणून त्यांना ग्रहीय तेजोमेघ हे नाव पडलं. ग्रहांशी त्यांचा काही संबंध नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. अभिजितच्या तारकासमूहातला एम ५७ हा त्यांतला सगळ्यात प्रसिद्ध, धुराच्या कड्यासारखा दिसणारा. ही शोभा फार टिकत नाही, दहा-वीस हजार वर्षांत वायू पांगतो. ताऱ्याचं अख्खं आयुष्य शंभर वर्षांचं धरलं तर हेलियम जाळण्याचे दहा महिने, त्यानंतरच्या फुगण्याचे दोन आणि या तेजोमेघाचा तास-दीड तास.

मागे उरतो तो श्वेत बटू. पृथ्वीएवढा गोळा, सूर्याच्या साधारण निम्म्या वस्तुमानाचा, चमचाभर द्रव्याचं वजन टनांत. व्याधाचा जोडीदार हा असाच एक, १८६२ मध्ये दुर्बिणीतून पहिल्यांदा दिसलेला. श्वेत बटू सुरुवातीला लाखभर अंश तापलेला असतो. आणि आता इलेक्ट्रॉनच्या नकाराची दुसरी करामत. त्याला तोलून धरणारा दाब तापमानावर अवलंबून नाही, त्यामुळे उष्णता गेली तरी तो आकसत नाही. आकसत नाही, म्हणून गुरुत्वाकर्षणाकडून त्याला ऊर्जा मिळत नाही. ऊर्जा मिळत नाही, म्हणून तापत नाही. जन्मापासून उष्णता गमावून तापत आलेला तारा पहिल्यांदाच, चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासारखा, उष्णता गमावून थंड व्हायला लागतो.

तेही फार सावकाश. २०१९ मध्ये गाया दुर्बिणीने मोजलेल्या हजारो श्वेत बटूंच्या नोंदींत एका ठरावीक तेज-रंगाच्या पट्ट्यात गर्दी आढळली. तिथे त्यांच्या पोटातला कार्बन आणि ऑक्सिजन गोठून स्फटिक होत असतो, आणि पाणी गोठताना सोडतं तशी तो सुप्त उष्णता सोडतो. तेवढ्या काळापुरतं त्यांचं थंड होणं रेंगाळतं.